लाटेच्या शोधात

दिल्लीला समुद्र नाही. यमुना आहे, पण तिला लाट अशी नसते. मे-जूनमध्ये राजस्थानकडून धुळीची आंधी येते, खिडक्यांची तावदाने हादरवते आणि घटकाभरात निघून जाते. तिच्यामागे उरते ती फर्शीवरची बारीक माती. वादळ म्हणजे येणे आणि जाणे, एवढीच माझी समजूत या शहराच्या आसपास राहून पक्की झाली होती. वादळ गेल्यावरही त्याचे काही चालत यायचे बाकी असते, हे मला फार उशिरा कळले.

नोएडातील एका खोलीत आमच्या पाठ्यपुस्तक समितीच्या बैठका होत असत. पाठाखाली द्यावयाचे शब्दार्थ लिहिण्याचे काम बहुधा माझ्याकडे येई. कोकणावरील एखादा पाठ असला, की त्यात 'मतलई वारे' हा शब्द हमखास असे. 'मतलई वारे : रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे वारे' असा अर्थ मी न अडखळता लिहून टाकी. अर्थ बरोबर होता. शिवाय मी मूळची वेंगुर्ले तालुक्यातली. एका लहान खाडीच्या तोंडाशी आमचे घर आहे. त्यामुळे हा शब्द आपल्या हक्काचा आहे, असेही मला वाटे. तो शब्द नेमका कशासाठी लागतो, हे मात्र मला २०१९ च्या दिवाळीत समजले, आणि तेही माझ्या भाच्यामुळे.

हा भाचा माझ्या बहिणीचा मुलगा. गुरुग्राममध्ये संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. कामानिमित्त वर्षभर चेन्नईला होता, तेव्हा शहराच्या दक्षिणेला असलेल्या कोवलम या मच्छीमारांच्या गावी तो सुट्टीच्या दिवशी जाऊ लागला. तेथील कोळ्यांची मुले फळीवर उभी राहून लाटांवरून किनाऱ्याला येत. त्यांच्याकडून तो सर्फिंग शिकला. कर्नाटकात मुल्की येथे २००४ पासून हा खेळ शिकवला जातो, हेही मला त्याच्याचकडून कळले. दिल्लीला परत आल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली. यमुनेच्या पुलावरून गाडी जाताना तो खिन्नपणे पाण्याकडे पाहत असे. आपली फळी त्याने गोव्यातील एका मित्राच्या घरी ठेवली होती. "मावशी, दिवाळीला मीही गावी येतो," असे तो म्हणाला, तेव्हा त्याच्या मनात फराळापेक्षा फळी अधिक होती हे मी ओळखले होते.

आम्ही निजामुद्दीनहून निघालो आणि २५ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या पहाटे, कोकण रेल्वेच्या एका लहान स्थानकावर भर पावसात उतरलो. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून फारशा दूर नाही अशा जागी, 'क्यार' नावाचे चक्रीवादळ तयार झाले होते. हे नाव म्यानमारने सुचवलेले. त्या भाषेत त्याचा अर्थ वाघ. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना अशी नावे देण्याचे काम दिल्लीतील हवामान विभागाचे केंद्र करते. लोदी रोडवरच्या ज्या मौसम भवनासमोरून मी शेकडो वेळा गेले असेन, तेथे नाव दिले गेलेला वाघ आमच्या अंगणापुढच्या पाण्यात येऊन उभा होता.

तो जमिनीवर आला नाही. पश्चिमेला ओमानच्या दिशेने वळला आणि २७ तारखेपर्यंत खोल समुद्रात त्याचे महाचक्रीवादळ झाले. २००७ मधील 'गोनू' नंतर अरबी समुद्रात एवढे प्रबळ वादळ झाले नव्हते. वादळ वळले म्हणून आम्ही वाचलो, असे शहरातील माणसाला वाटेल. मलाही तसेच वाटले. पण पावसाने कापणीला आलेले भात आडवे केले होते. लोंब्या चिखलात पडून शेतातच कोंब धरू लागल्या होत्या. त्यातच दिवाळीची अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. उधाणाचे पाणी आणि वादळाच्या लाटा यांची गाठ पडली. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडली, काही झाडे आडवी झाली. जेथे उतरती पुळण होती तेथे कमरेइतक्या उंचीचा वाळूचा कडा तयार झाला. आमच्या दादाने कुंपणापाशी खूण म्हणून ठेवलेला दगड एका रात्रीत नाहीसा झाला.

आमच्या शेजारी एक वृद्ध तांडेल राहतात. गावात सगळे त्यांना तांडेलकाका म्हणतात. पूर्वी ते रापणीच्या होडीवर होते. आता नातू यांत्रिक होडी चालवतो. वादळाची सूचना मिळाली तेव्हा नातवाची होडी उत्तरेला होती. कोकणातल्या आणि परराज्यांतल्याही अनेक होड्या त्या वेळी देवगड बंदरात आसऱ्याला गेल्या होत्या. नातूही तेथेच गेला असणार, असे सगळे म्हणत होते. असणार, एवढेच. दोन दिवस त्याचा फोन लागला नव्हता. त्याची आई दारात कंदील लावून बसली होती. तो आकाशकंदील नव्हे, साधाच.

नरक चतुर्दशीच्या सकाळी पाऊस थांबला. भाचा अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. समोर क्षितिजापर्यंत पाण्याच्या रांगा येत होत्या. त्याच्या तोंडून सहज निघून गेले, "काय सुंदर लाटा आहेत!"

कुंपणापलीकडे ती माउली उभी होती. तिने रागाने पाहिले नाही. हळूच म्हणाली, "त्याच लाटांत आमचो झील आसा."

त्या वाक्याने भाच्याचा चेहरा उतरला. मलाही मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरात आल्यावर मी त्याला बोलले. ज्या पाण्याने शेजाऱ्याची झोप उडवली आहे, त्याच पाण्यात तू खेळ शोधतोस, हे बरे दिसते का? तो काही बोलला नाही. त्याने फराळाचे ताट बाजूला सारले. त्याच दिवशी दुपारी देवगडहून नातवाचा फोन आला. होडी सुखरूप होती. दोन जाळी मात्र गेली होती. शेजारच्या दारात पणत्या लागल्या, मग आमच्याही.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. भाच्याचा मित्र सकाळीच फळी घेऊन आला. "जाऊ का?" असे भाच्याने मला विचारले. त्या विचारण्यात आदल्या दिवसाची जखम होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले. गाडीच्या टपावर फळी बांधली आणि आम्ही दक्षिणेकडे चाललो.

वाटेत त्याने मला लाटेचे शास्त्र सांगितले. वारा तीन गोष्टींच्या बळावर लाट घडवतो : त्याचा वेग, तो किती वेळ वाहतो, आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहतो. वादळाच्या पोटात सगळ्या प्रकारच्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. तेथून त्या बाहेर पडल्या की आपोआप निवडल्या जातात. लांब लाटा पुढे निघतात, आखूड मागे राहतात आणि वाटेतच विरून जातात. दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचे अंतर असेल, तर अशा लाटांचा समूह खोल पाण्यातून दिवसाला सुमारे ९०० किलोमीटर जातो. ७ सेकंदांच्या लाटा त्याच्या निम्मेच अंतर कापतात. म्हणून वादळ जवळ असताना समुद्र नुसता खवळलेला दिसतो, आणि ते दूर गेले की मग किनाऱ्याला शिस्तीच्या, लांब, एकामागून एक अशा लाटा येऊ लागतात. हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज त्याच्या मोबाइलवर होता. त्यातील लाटेच्या उंचीच्या आकड्यापेक्षा दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडा तो अधिक बारकाईने पाहत होता.

"हे कोणी शोधून काढले?" मी विचारले. त्याने जे सांगितले ते मी पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात समुद्रकिनाऱ्यांवर सैन्य उतरवायचे होते. कोणत्या दिवशी किनाऱ्यावर किती उंचीची लाट फुटेल, हे आधी सांगता आले नसते तर उतरणाऱ्या नावा उलटल्या असत्या. हेराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी असा अंदाज बांधण्याची रीत तयार केली. याच मंक यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी उभारून, दक्षिणेकडील वादळांत जन्मलेल्या लाटा सबंध प्रशांत महासागर ओलांडून जातात हे दाखवून दिले. लाटा टाळण्यासाठी जमवलेले ते ज्ञान आज लाटा शोधणाऱ्यांच्या खिशात आहे.

आम्ही मोचेमाड पाहिले, आरवली ओलांडून शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर उतरलो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह येथे झाला. वि. स. खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावात शिक्षकाचे काम केले. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी या गावाकडे नेहमी त्या बाजूनेच पाहत आले. भाच्याने त्या दिवशी ते दुसऱ्या बाजूने पाहायला लावले. किनारा सरळ, लांबलचक. लाट येई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच क्षणी कोसळे. "हिच्यावर स्वार होता येत नाही," तो म्हणाला. "लाट एका टोकाकडून फुटायला लागली पाहिजे आणि गुंडाळलेली सतरंजी उलगडत जावी तशी दुसऱ्या टोकाकडे फुटत गेली पाहिजे. मग तिच्या न फुटलेल्या भागावरून पुढे सरकत राहता येते."

पुढे रेडी. तेथून तेरेखोलची खाडी फेरीबोटीने ओलांडून केरी, मग हरमल आणि मांद्रे. कोठे लाट फार मोठी आणि अस्ताव्यस्त, कोठे खडक जवळ, कोठे समुद्रावरून येणारा खारा वारा लाटेचा माथा विस्कटून टाकी. संध्याकाळी आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. फळी कोरडीच होती. माझ्या मनात आले, शंभर वर्षांपूर्वी ड्यूक कहानामोकू यांनाही असेच किनारे पाहत हिंडावे लागले असेल काय? १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याची १०० मीटरची शर्यत जिंकलेला हा हवाई बेटांवरचा गृहस्थ आपल्या पूर्वजांचा हा खेळ १९१४-१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लोकांना दाखवून आला. तेव्हा मोबाइल नव्हता, अंदाज नव्हता. असणार ते फक्त डोळे आणि किनाऱ्यावर उभे राहण्याची तयारी.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी भाचा आमच्याच खाडीच्या तोंडाशी उभा राहून पाहत होता. तेथे आधी कधी नव्हती अशी एक पांढरी रेघ पाण्यात दिसत होती. किनाऱ्यापासून बरेच आत लाट फुटत होती, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुटत जात होती. त्याने फळी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "झिला, आज नको. आज पाणी ओढता."

तांडेलकाका येऊन शेजारी उभे राहिले होते. भाचा थांबला, हे मला आवडले. काकांनी त्याला वाळूवर बसवले आणि विचारले, "काय दिसता तुका?" भाच्याने पांढरी रेघ दाखवली. काका हसले. "लाट खंय फुटता ता सगळ्यांका दिसता. खंय फुटणा नाय, ता बघ."

मग त्या दोघांचा जो संवाद झाला, तो मी शांतपणे ऐकत राहिले. पुळणीवरची वाळू वादळाने खणून नेली होती. ती नाहीशी झालेली नव्हती; आत जाऊन पाण्याखाली तिचा बांध तयार झाला होता. लाटेची उंची आणि पाण्याची खोली जवळजवळ सारखी झाली, की लाटेचा तोल जातो आणि ती फुटते. म्हणून पांढरी रेघ म्हणजे पाण्याखालच्या बांधाचा नकाशाच. पण त्या रेघेत एके ठिकाणी खंड होता. तेथे पाणी काळसर आणि शांत दिसत होते. किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते. बांध जेथे फुटलेला असतो तेथून ते जोराने समुद्रात जाते. परगावचा माणूस ती शांत जागा पोहायला निवडतो आणि आत ओढला जातो. अशा वेळी प्रवाहाशी झुंजत किनाऱ्याकडे यायचे नसते. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्यातून बाहेर पडायचे असते. भाच्याला हे कोवलमला शिकवले होते. काकांना कोणी शिकवले, हे त्यांनाही आठवत नसावे.

"पण होडीक तीच वाट," काका म्हणाले. जेथे लाट फुटते तेथे होडी उलटते. जेथे फुटत नाही तेथे खोली असते. खाडीच्या तोंडाची जुनी वाट वादळाने बुजवली होती. नवी कोठे उघडली आहे, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला नातू होडी घेऊन परत यायचा होता. नंतरही थांबायला सवड नव्हती. क्यारच्या पाठोपाठ 'महा' नावाचे आणखी एक वादळ येत असल्याचे बातम्यांत सांगू लागले होते. काका तीन दिवस किनाऱ्यावर का फिरत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. भाचा लाट शोधत होता, काका लाट नसलेली जागा शोधत होते. आणि दोघे एकाच रेघेकडे पाहत होते.

भाचा म्हणाला, "आजोबा, उद्या ओहोटीला मी फळीवरून जाऊन खोली मोजली तर?"

काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग आकाशाकडे पाहिले. "रात्री आभाळ निवळला तर सकाळी मतलई सुटतलो. मगे बघूया."

रात्री आभाळ निवळले. ३० तारखेच्या पहाटे आम्ही अंधारातच पुळणीवर गेलो. माझ्या पाठीला थंडगार वारा लागत होता. तो आमच्या घराकडून, शेतातल्या भिजलेल्या भाताचा वास घेऊन समुद्राकडे चालला होता. मी मागे वळून पाहिले आणि मनात म्हटले, हाच तो. जमीन रात्री पाण्यापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची हवा जड होते आणि समुद्राकडे सरकते. हे वाक्य मी कितीदा वाचले आणि लिहिले होते! पण समोर पाहिले तेव्हा त्याचा उपयोग दिसला. जमिनीवरचा वारा येणाऱ्या लाटेला समोरून हात लावत होता. तिचा चेहरा घासूनपुसून ठेवल्यासारखा गुळगुळीत झाला होता. ती घाईने कोसळत नव्हती. थोडी उभी राहून मग फुटत होती. त्यामुळे पांढरी रेघ अगदी स्पष्ट झाली होती, आणि रेघेतला खंडही. काका म्हणाले, शिडांच्या दिवसांत होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. माझ्या यादीतले ते दोन शब्द म्हणजे एका गावाचे रोजचे जाणे आणि येणे होते.

आता समुद्राची ओढ कमी झाली होती. भाचा फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत त्या काळसर वाटेने आत गेला. त्याच्याजवळ खुणा केलेला एक लांब बांबू होता. किनाऱ्यावरून काका अंगावरचा पंचा हातात घेऊन खुणा करीत : डावीकडे, अजून डावीकडे, थांब. तो बांबू पाण्यात उभा धरी आणि बोटांनी खोली दाखवी. दादा वहीत लिहून घेत होता. दोनदा लाटेने भाच्याला फळीवरून फेकले. तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. फळी त्याच्या पायाला दोरीने बांधलेली होती, एवढाच दिलासा. तासाभरात वाट नक्की झाली. जुन्या वाटेपासून ती बरीच दक्षिणेला सरकली होती. गावातल्या चार पोरांनी लहान होडीतून जाऊन वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल फडकी बांधलेले बांबू रोवले.

काम संपले तेव्हा काकांनी पंचा खांद्यावर टाकला आणि बांधाच्या टोकाकडे बोट दाखवले. "आता तुझी लाट घे."

भाचा बांधाच्या टोकाशी जाऊन फळीवर बसून राहिला. तीन लाटा त्याने सोडून दिल्या. चौथी आली तेव्हा तो वळला, दोनचार हात मारले आणि उभा राहिला. लाट त्याच्या मागे फुटत येत होती आणि तो तिच्या न फुटलेल्या कडेवरून पुढे सरकत होता. मी मनात आकडे मोजत होते; अकरापर्यंत पोचले, तोच लाट विझली आणि तो गुडघाभर पाण्यात उतरला. तीन दिवसांच्या शोधाचे फळ अकरा आकड्यांचे. मी काकांकडे पाहिले. त्यांचे तोंड थोडे उघडे राहिले होते. आयुष्यभर जिच्यापासून होडी वाचवली, तिच्या पाठीवर माणूस उभा राहिलेला ते प्रथमच पाहत असावेत.

दुपारी भरतीला होडी आली. बांधाबाहेर ती थोडा वेळ घुटमळली. मग नातवाला लाल फडकी दिसली असावीत. होडीने दक्षिणेची वाट धरली आणि दोन पांढऱ्या रेघांच्या मधून ती खाडीत शिरली. त्याची आई पुळणीवर उभी होती. होडी काठाला लागल्यावर तिने आधी मुलाला पाहिले, मग भाच्याजवळ येऊन त्याच्या हातावर करंज्यांचा डबा ठेवला. बोलली काहीच नाही. चतुर्दशीच्या सकाळचे ते वाक्य तिने मनातून परत घेतले असेल, असे मी म्हणणार नाही; ते खरेच होते. फक्त त्याच्या शेजारी आता आणखी एक गोष्ट येऊन उभी राहिली होती.

पुढे 'महा' वादळाचे ढग आले, पाऊस झाला. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. एरवी सरासरी वर्षाला एक होते. नंतर ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला गुजरातकडे गेले. समुद्र तापतो आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. तांडेलकाकांच्या हिशेबात न बसणारे पाणी पुढच्या पिढीच्या दारात येणार आहे. काकांचे डोळे आणि मोबाइलवरचे आकडे या दोहोंपैकी एकाने ते वाचून होणार नाही.

आम्ही दिल्लीला परतलो तेव्हा शहरावर धुराचे दाट आवरण होते. मौसम भवनासमोरून जाताना मी आता गाडीतून मान वळवून पाहते. मध्यंतरी काकांचा फोन आला होता. थंडीतल्या संथ लाटांनी आत नेलेली वाळू हळूहळू परत आणून पुळणीवर घातली होती. "वाळू परत इली," ते म्हणाले. भाच्याने विचारले, "आणि ती लाट?" त्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला : "ती आता खंय गेली ता येवन सोध."

भाच्याने फळी दिल्लीला आणली नव्हती. ती तांडेलकाकांच्या पडवीत, वल्ह्यांच्या शेजारी ठेवली होती. 'तौक्ते' गेल्यानंतर आठवडाभराने नातवाने भाच्याच्या मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले. साथीचे दिवस होते, आम्हांला जाता येणे शक्य नव्हते. छायाचित्रात खाडीचे तोंड होते, लाल फडकी बांधलेले दोन नवे बांबू होते, आणि पाण्यात फळीवर पालथा पडलेला, हातात खुणांचा बांबू धरलेला नातू स्वतः होता.